सपाट

थेडियस, काल तुला पाहिलं टीव्हीवर,
क्लीव्हलंडच्या बस डेपोत, रात्रपाळीच्या कॉफीला.
न्यायाधीशाचा काळा झगा शोभतो तुला, खरंच.
सातवा सीझन म्हणे.

आपली पहिली कॅसेट तुझ्या आत्याच्या तळघरातली.
वॉशिंग मशीन घुमू लागलं की थांबायचो.
एकदा थांबलोच नाही,
लोक अजून विचारतात, तो ड्रम कुणाचा.

तिचं नाव म्हणजे तुझ्या भावाचा कैदी क्रमांक.
तू तो असा म्हणायचास
की पोरं बाकांवर वाजवायची,
अंकाअंकाला थाप.

काल तू कुणाला तरी अकरा वर्षं सुनावलीस,
कागदावरून, मान वर न करता,
एकही शब्द तालावर पडू न देता.
बरोबर तसंच, थेड.
त्या दिवशी आपण मागच्या बाकावर,
आत्यानं पर्सचा बंद गच्च धरलेला,
आणि तो माणूस वाचत गेला
किराण्याची यादी वाचावी तसा.

डेपोतले म्हणाले, काय नट आहे!
मी गप्प.
बोटं टेबलावर आपला तो नंबर वाजवत होती.
मधला एक अंक काही केल्या आठवेना.

तुला आठवतो?