चार किलो

काट्यावर बसायला लागून मला एकवीस वर्षं झाली.
खोगीर कवटाळून एकेक जण चढतो,
मी आकडा वाचतो, लिहितो, पुढचा.
साउथलँडच्या या टोकाला वारा थेट समुद्रावरून येतो,
सुईसुद्धा थरथरते, म्हणून दार ओढून घ्यावं लागतं.

अनाहेरा चढली तेव्हा सुई थांबेपर्यंत
तिनं श्वास धरून ठेवला.
श्वासाला वजन नसतं, पोरी, मी म्हटलं.
तेही तिला कुणी सांगितलं नव्हतं.

शिकाऊ म्हणून तिला चार किलोंची सूट.
म्हणजे तिला जे येत नाही
ते कुणीतरी तोलून ठेवलंय: चार किलो.
तेवढं घोड्याच्या पाठीवरून उतरतं
आणि मालकाच्या पथ्यावर पडतं.

दोन वर्षं ती गिलक्राइस्टच्या तबेल्यात.
पहाटे चारला लीद, मग पाणी, मग नऊ घोडे फिरवायचे,
मग पुन्हा लीद.
शिकवणी बुधवारी असायची.
बुधवारी नेमका नाल ठोकणारा यायचा.
शेडमध्ये एक यांत्रिक घोडा होता,
एका बाजूची स्प्रिंग गेलेला,
त्याच्यावर ती डावीकडे झुकायला शिकली.
सरावाची धावपट्टीही डावीकडेच वळणारी.

आज वळण उजवं होतं.

शेवटच्या सरळ पट्टीवर घोडी बाहेर बाहेर सरकत गेली,
चाबूक उजव्या हातातच राहिला,
आणि मर्डोकचं हासळीचं हाड मोडलं.

चौकशीत साहेबांनी विचारलं,
चाबूक डाव्या हातात का घेतला नाहीस?
तिनं दोन्ही हातांकडे पाहिलं,
जणू त्यातला एक उसना आणलेला.
गिलक्राइस्ट म्हणाले, पोरगी अजून कच्ची आहे.
कच्ची!
जशी काही ती आपली आपण चुलीवर चढणार होती.

बारा दिवसांची बंदी, तिच्या नावावर.
गिलक्राइस्टच्या नावापुढे शाई लागली नाही.

संध्याकाळी मी काटा पुसून कुलूप लावलं.
ती कुंपणापाशी, बूट हातात, गाडीची वाट बघत.
मी माझी छत्री तिला दिली,
इथल्या वाऱ्यात तिचा दुसरा उपयोग नाही.
म्हटलं, हे बघ, बोटांमधून असं सोडायचं,
उजव्यातून डाव्यात, लगाम न सोडता.
मला तरी कुठे धड येतं,
लांबून बघून जेवढं कळलं तेवढं.

तीनदा छत्री चिखलात पडली.
चौथ्यांदा ती बोटांमधून अर्धी फिरली
आणि गिलक्राइस्टनी हॉर्न वाजवला.