खालचा सूर

गोवर आला तेव्हा मी सहा वर्षांची.
आमच्या गुरियात तेव्हा गोवराला गोवर म्हणत नसत.
म्हणायचं : मालक आलेत.
समुद्रापलीकडून, खेचरांवर बसून.
आणि मालक घरात असताना
भांडायचं नाही, दार आपटायचं नाही,
कोंबडी कापायची नाही,
कुत्र्यालासुद्धा हाड म्हणायचं नाही.

खिडकीला लाल कापड. उशाशी व्हायलेटची फुलं.
ओझुरगेतीहून डॉक्टर आला, थर्मामीटर झटकला,
"वाट बघा" म्हणाला,
आणि द्राक्षाच्या दारूचे दोन पेले घेऊन गेला.

वाट बघायला गाणं लागतं.
आणि आमचं गाणं तीन आवाजांचं.
एक आई.
दुसरी शेजारची मकवाला, जिचा आवाज
गंजक्या बिजागरीचा, पण सुरात.
तिसरा खालचा, त्याला आम्ही बानी म्हणतो,
तो धरणारी सगळ्या वाडीत एकच :
त्सिआला आत्या.

आत्याचा आणि आईचा अबोला होता.
कुंपणावरच्या अक्रोडाच्या झाडावरून.
सात वर्षांचा,
म्हणजे माझ्याहून वर्षानं मोठा अबोला.
तो आमच्या घरातच वाढला,
मला वाटायचं, प्रत्येकाच्या घरी
असा एक थोरला भाऊ असतो.

रात्री ती आली.
चिखलाचे बूट उंबऱ्याबाहेर काढले.
आईकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं,
भिंतीवरची चोंगुरी उतरवली.
तीन लांब तारा, आणि एक आखूड,
दांड्याच्या मध्येच उगवलेली,
उशिरा झालेल्या मुलीसारखी.
खुंट्या पिळल्या.
आईनं सूर दिला.
कोणाला दिला, ते सांगितलं नाही.

तापात मी नीट ऐकलं असेन असं नाही.
पण दोन सूर एकमेकांच्या इतके जवळ आले
की घासले, दातांत खडा यावा तसे,
आणि कोणीच मागे सरलं नाही.
मालकांची स्तुती चालली होती,
तुमची खेचरं देखणी, तुमचे लगाम चांदीचे,
आणि मध्येच आईला हुंदका आला.
ओळ अर्ध्यावर तुटली.
बानी हलली नाही.
तिथंच उभी राहिली, नदीत पाय रोवून,
दुसऱ्या काठाचं माणूस येईपर्यंत
कोणी उभं राहावं तशी.
आई परत आली. त्याच शब्दावर.

पुढे तिबिलिसीत शिकायला गेले.
एका सभागृहात एक विद्वान सांगत होते :
संगीत पाखरांकडून आलं असेल,
किंवा वल्ही मारणाऱ्यांच्या दमातून,
किंवा तान्ह्यासमोर आई जे बडबडते त्यातून.
अंगावर काटा का येतो, त्याचाही आलेख होता.
मी सगळं वहीत उतरवून घेतलं.
खोटं नसेलच.
पण मला आपलं वाटतं, पहिल्यांदा गायल्या त्या
एकमेकींशी न बोलणाऱ्या दोन बायका असणार.
मध्ये एक तापलेलं पोर.
शब्द होतेच की त्यांच्याकडे,
पण भांडणात वापरून वापरून
त्यांच्या कडा बोथट झालेल्या.

नवव्या दिवशी मालक निघाले.
वेशीपर्यंत त्यांना पोचवून आलो.
आत्यानं बूट घातले, आणि गेली.
त्या शरदात अक्रोड पडले ते
तिच्या बाजूचे तिनं वेचले, आमच्या बाजूचे आईनं.
अबोला आणखी अकरा वर्षं जगला.
गाण्यानं काही मिटत नाही,
निदान आमच्याकडे मिटलं नाही.

आत्या गेली तेव्हा अंगणात बायका जमल्या.
शवपेटीच्या डोक्याशी आई उभी राहिली.
वरचा सूर तिचा, सगळ्यांना ठाऊक होतं,
सगळ्या त्याचीच वाट बघत होत्या.
आई खाली गेली.
आत्याच्या जागी.
नाही जमलं. आवाज फाटला, घरंगळला,
कुंपणापलीकडून कुत्रं भुंकायला लागलं.
मकवाला तिच्या कानाशी वाकली,
म्हणाली, अजून खाली.
अजून.