पोकळ

उपवासकाळातला चौथा शुक्रवार.
सेंट सिरिलच्या तळघरात मासळीचा धूर,
बारा डॉलरला ताट, कोबीची कोशिंबीर वर फुकट.
पेनसिल्व्हेनियातल्या या खोऱ्यात कोळसा संपला
तेव्हा भट्टी तेवढी उरली;
म्हणून अर्धं तळघर भट्टीचं,
उरलेलं भट्टीच्या पेन्शनवरचं.

सुरुवात डोलोरेसबाईंनी केली.
चाळीस वर्षं भूगोल शिकवला त्यांनी,
बोट टेकवून बोलायची सवय गेलेली नाही.
"इथे युद्ध," टेबलाच्या प्लास्टिकवर बोट,
"आणि इथे," बोट मिठाच्या भांड्याशी,
"कंपनीचा शेअर दुप्पट.
मधल्या अंतराला काय म्हणायचं, वेंडल?"

वेंडल कंपनीचे हिशेब बघतो.
त्याने आधी दातातला काटा काढला.
"शंभराला नऊ सुटतात. नऊ.
तुमच्या नातवाच्या बिस्किटावर याहून जास्त सुटतात.
युद्ध आम्ही नाही लावलं.
छत्रीवाला पाऊस पाडतो का?"

"पाडत नाही," एमिल सोप्को म्हणाला,
"पण ऊन पडलं की त्याचं तोंड बघ."
एमिलची दोन बोटं लेथने ठेवून घेतली;
उरलेल्यांवर तो मोजू लागला:
"माझ्या घराचं छप्पर, ओव्हरटाइमचं.
रोझिनाच्या पोरीच्या दातांची तार.
आणि फादर, आपली नवी घंटा?"
फादरांनी माशावर लिंबू पिळलं.
फार वेळ पिळलं.

मी काही बोलले नाही.
मी गोळ्यांवर अक्षरं उमटवते:
पत्र्याचा साचा, पिवळा रंग,
लॉट नंबर, वजन, महिना.
कुणी विचारलं तर सांगते,
आमच्याकडून ते पोकळच जातात,
दारू दुसऱ्या राज्यात भरतात.
इतक्यांदा सांगितलंय हे वाक्य
की आता त्याच्यात तोंड घालून हाक मारली
तर घुमतं.

जात्यातले रडतात, सुपातले हसतात.
खुंट्याला कुणी विचारलंय,
बाबा रे, तू कुठल्या बाजूचा?
तो नुसता गुळगुळीत होत जातो
हातांनी.

टीव्हीचा आवाज बंद होता, खालून अक्षरं सरकत होती.
बर्नडीनने वाचली, हातात झारा तसाच:
"शस्त्रसंधी होणार म्हणे. सोमवारी सह्या."

आणि कुणीतरी म्हणालं, "अरेरे."

मोठ्याने नाही.
हातातून बशी निसटताना निघतो, तेवढाच आवाज.
डोलोरेसबाईंनी मान वळवून शोधला,
वेंडलने छताकडे, एमिलने स्वतःच्या ताटात.
तिसरी पाळी जूनपर्यंतच्या ऑर्डरीवर उभी आहे
हे इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ.
मग बर्नडीननेच टाळ्या वाजवल्या, झाऱ्यासकट,
तेल उडालं,
आणि आम्ही सगळ्यांनी वाजवल्या,
जरा जास्तच वेळ.

वाद पुढे झाला नाही.
नऊ टक्के, छत्री, घंटा, सगळं
हाडकांबरोबर कागदी ताटात गुंडाळलं गेलं.
जिन्यात कोट चढवताना डोलोरेसबाई मला म्हणाल्या,
"माझी पुंजीही त्याच फंडात आहे गं,"
हरवलेला हातमोजा माझ्याच खिशात निघावा
अशा नजरेने.

बाहेर बर्फ काळा पडलेला.
गाडीत बसले, किल्ली फिरवली नाही.
नखांत पिवळा रंग; लिंबाने निघत नाही, रॉकेलनेही नाही.
ते "अरेरे" कुणाचं, आठवून पाहिलं.
आठवलं एवढंच
की त्या क्षणी माझं तोंड उघडं होतं
आणि त्यात घास नव्हता.

सोमवारी सह्या झाल्या नाहीत.
मंगळवारी ओव्हरटाइमचा कागद लागला.
त्यावर झाल्या.
माझी चौथी.