उजवीकडून वर

साडेपाचला, चहाच्या आधी,
पलंगावर नाही, सतरंजीवर,
गुडघे मुडपून उताणी.
वाटीत कोमट तीळतेल, त्यात चिमूटभर हिंग.
परकराची नाडी सैल सोडायची.
एवढं एकच काम पहिले आठ दिवस मला जमलं नाही.

नाडीखाली वळ आहे,
काळपट, लग्नाआधीपासूनचा,
फायलींच्या गठ्ठ्याला सुतळीचा पडतो तसा.
तेल त्यात साचतं.

हर्षिदाबेन वैद्यांनी, दांडिया बाजारात,
जिन्याखालच्या खोलीत नाडी पाहिली
(ती, मनगटातली),
जीभ पाहिली, आणि विचारलं,
पोटाला शेवटचा हात कधी लागला?
मी म्हटलं, डॉक्टर पारेखांचा, पित्ताशयाच्या वेळी.
त्यांचा नाही. तुमचा.

आठवेना.
जावेची दोन्ही मुलं मीच पायावर घेऊन रगडली,
सासूबाईंच्या तळव्यांना काशाची वाटी, रोज रात्री,
ह्यांच्या डोक्याला माका,
आणि कणीक किती मळली त्याचा तर हिशेबच नाही.
स्वतःच्या पोटाला साबण लावला,
तोही नळ जायच्या आत.

"पोतानुं पेट छे, बेन," त्या म्हणाल्या,
"पारकुं नथी. हळवे हळवे."

तर, उजव्या कमरेच्या हाडापाशी सुरुवात.
तिथून वर, बरगडीपर्यंत,
मग आडवं, बेंबीच्या वरून,
मग डावीकडे खाली.
अन्न जातं तसंच जायचं.
उलटं फिरवलं तर रुसतं म्हणे.

एकतीस वर्षं मी खंडेराव मार्केटात
जन्म-मृत्यूच्या खिडकीत बसले.
डबा दीडला उघडायचा, एक चाळीसला बंद.
भाजी खणात, घास आणि शिक्का एकाच हातानं.
कुणाचं नाव चुकलेलं, कुणाची तारीख,
एक बाई तर एकाच दिवसाचे दोन्ही दाखले न्यायला आली होती.
तिला मी विचारलं, किती प्रती?
आणि मग उरलेली पोळी खाल्ली.

आता डाव्या कोपऱ्यात काहीतरी बसलंय,
सुपारीएवढं.
बोट ठेवलं की ओळख देत नाही.
वायू आहे, अपान, हर्षिदाबेन म्हणतात, जाईल.
असेल वायू.
मी रोज त्याच्यापाशी जरा थांबते,
खिडकीशी माणूस थांबतो तशी.

काल्या घोड्याच्या पुलावरून रिक्षा जाते तेव्हा
विश्वामित्रीत मगर दिसते.
नेहमी नाही, आणि सगळ्यांना नाही.
थंडीत चिखलावर ऊन खात पडलेली, जबडा उघडा.
रिक्षावाला म्हणाला, एकदा जेवली की
महिनाभर बघायला नको.
पोटात ऊन घेऊन नुसती पडून राहते.
तिच्यामागे रांग नाही.
मला हेवा वाटला, खरं सांगते,
वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, मगरीचा.

बाराव्या दिवशी, उजवीकडून वर जाताना,
आत काहीतरी हललं.
लांबून, पहाटे पाणी यायच्या आधी
जुना नळ खाकरतो तसा आवाज.
मी हात थांबवला.
आतल्या खोलीतून हे ओरडले,
"काय गं, काही पडलं का?"
"नाही."
"मग कोण बोललं?"

मी उत्तर दिलं नाही.
चहा होईल, थांबतील पाच मिनिटं.
तेल अजून कोमट होतं,
आणि आडवं जाऊन
डावीकडे खाली उतरायचं राहिलं होतं.