केसलर स्ट्रीट, अकराशे अठरा

शहराचं नाव सांगत नाही.
सांगितलं की समोरच्याचे डोळे बारीक होतात,
"अच्छा, म्हणजे ते टीव्हीवरचं?"
आणि मला कळतं, त्याला आता
केसलर स्ट्रीटवरचं अकराशे अठरा दिसतंय.

तुम्हीही पाहिलं असेल.
खिडक्यांना फळ्या, व्हरांड्याचा एक खांब
गुडघ्यात मोडलेला,
आणि पायरीपाशी आडवी पडलेली
लाल तीनचाकी सायकल.

सायकल त्या घरातली नव्हती.
शेजारच्या ओडेल टिब्जच्या नातवाची.
कॅमेरावाल्याने रीतसर मागून घेतली,
आडवी केली, जरा मागे सरकून पाहिलं,
चाक थोडं वळवलं.
पोरगं कुंपणाला धरून उभं,
आपली गाडी परत मिळायची वाट बघत,
चौकटीच्या बाहेर.
मी समोरच होतो. टपाल वाटत होतो.

चोवीस वर्षं वाटतोय.
कुणाचं काय चाललंय ते मला पाकिटांवरून कळतं.
ओडेलला फेब्रुवारीत बियाण्यांचे कॅटलॉग,
अकराशे नऊमध्ये हालिना वोइतोविच, वय एक्याण्णव,
शब्दकोड्यांच्या मासिकाचे पैसे पुढच्या पाच वर्षांचे भरलेले.
अकराशे एकतीसमधल्या फादी हद्दादला
डेंटल कॉलेजचं जाड पाकीट आलं, त्या दिवशी
पेटीत न टाकता मी बेल वाजवली.
नकार पातळ असतो, एका कागदाचा.
जाड पाकीट बघायला
कुठलीच व्हॅन आली नाही.

खोटं होतं असं नाही म्हणत मी.
घर होतं. गोळीबारही झाला होता, दोन गल्ल्या सोडून.
बेअरिंगचा कारखाना बंद पडला तेव्हा
माझ्या भावाने दोन वर्षं सोफ्यावर काढली,
आणि उठला तो उठलाच नाही नीट.
शितावरून भाताची परीक्षा, मान्य.
पण दर वेळी तळ खरवडून
करपलेलंच शीत?

पुढे एका एप्रिलमध्ये
नगरपालिकेचं पिवळं यंत्र आलं.
चाळीस मिनिटांत अकराशे अठरा संपलं.
हालिना खुर्ची टाकून बघत बसली होती,
मला म्हणाली, "चला, आता सकाळचं ऊन येईल."
ओडेलने तिथे घेवडा लावला.

टीव्हीवर मात्र ते अजून उभं आहे.
निवडणूक आली की उभं राहतं,
कुठे काही बंद पडलं की उभं राहतं,
मागे पियानो वाजतो, एकेक सूर, सावकाश.
आणि मग चार दिवसांनी
माझ्या थैलीत पत्रं येतात.
'सायकलवाल्या छोट्या मुलास,' पुढे पत्ता बिनचूक.
नेब्रास्काच्या एका बाईंनी खोकं पाठवलं,
हाताने विणलेले लोकरी मोजे, चार जोड्या, तांबडे,
बोटभर अंगठा असलेले, हातात घालायचे.
नियमाप्रमाणे शिक्का मारायचा:
असा पत्ता नाही. परत.

नाही मारला.
खोकं ओडेलच्या नातवाला दिलं.
तो आता नववीत, सहा फुटांना टेकलेला;
एक मोजा दोन बोटांवर चढवून
बाहुलीसारखा नाचवला, खूप हसला,
मग एकदम गप्प होऊन
बाईंना आभाराचं पत्र लिहायला बसला.
मोजे घेवड्याच्या काठ्यांना बांधलेत.
वारा आला की आठ तांबडे हात
पाखरांना हाकलतात.

हे सगळं मी फार ऐटीत सांगतो लोकांना.
एक राहिलं.
मागच्या शरद ऋतूत मुलीकडे निघालो होतो, वाटेत मोटेल.
टीव्हीवर दुसरंच कुठलंसं शहर, नदीकाठचं,
एक रस्ता, फळ्या मारलेलं एक घर.
मी बुटाची नाडी सोडत म्हणालो,
"काय बाई, कशी राहतात माणसं तिथे."

बायकोने आवाज बंद केला.
"नंबर काय होता रे घराचा?"

मी बघितला नव्हता.