मुद्दाम पेरलेली ओळ

ऐरोलीत, सेक्टर आठला, पाचव्या मजल्यावर
खाडीकडच्या ग्रिलमध्ये मी गहू लावलाय,
रंगाच्या रिकाम्या डब्यांत. डबा एक ते डबा सहा.
सेक्रेटरींना तो गवती चहा वाटतो.
वाटू दे.

हिरेमठ साहेब पाहुण्यांना सांगायचे,
"आमच्या बोरस्ते बाई गव्हाची लग्नं लावतात."
पाहुणे हसायचे.
मी काय करायचे ते सांगते.
पोटरीतून नुकती निसवलेली ओंबी घ्यायची,
कात्रीने तिची टोकं छाटायची,
चिमट्याने एकेका फुलातले पुंकेसर काढायचे
हिरवे असतानाच. पिवळे झाले की उशीर झाला.
तीन असतात. दोन काढून एक विसरला
तर ओंबी आपलंच बी भरते
आणि वर्षभर वहीत भलत्याच बापाचं नाव राहतं.
मग बटर पेपरची पिशवी, टाचणी, चिठ्ठी:
आई, बाप, तारीख.
एकतीस हिवाळे. मान अजून डावीकडेच वळते.

तांबेऱ्याची आम्ही वाट पाहायचो.
आला नाही तर कळणार कसं, कोण टिकतं?
म्हणून प्रत्येक वाफ्याच्या कडेने
एक ओळ मुद्दाम पेरायची
ज्याला काहीच सोसत नाही अशा वाणाची.
कागदावर त्याला नंबर होता. आम्ही लोण्या म्हणायचो.
दव पडायच्या आत, दिवेलागणीला,
पाण्यात कालवलेली ती विटकरी पूड
मीच फवारायचे त्याच्यावर.
पंधरवड्यात लोण्या पेटायचा.
ओळीतून चालून आलं की परकर गुडघ्यापर्यंत तांबडा.
त्याच्याकडून मग सगळ्या वाफ्याला,
आणि आम्ही वही घेऊन मागे:
कुणी किती घेतलं, कुणी घेतलंच नाही.
लोण्याचे दाणे कधी कुणी दळले नाहीत.

ज्यांनी घेतलंच नाही त्यांना नाव मिळायचं,
पेढे यायचे, फोटो.
चार वर्षं, फार तर सहा.
मग तांबेराच बदलून यायचा
आणि तो निर्मळ गहू एका हंगामात झोपायचा,
लोण्याच्या शेजारी, लोण्यासारखाच.

दोनशे चौदा नंबरवर साहेबांनी लाल रेघ मारली होती.
ठिपके होते त्याच्यावर, खोटं कशाला बोलू.
पण बारीक. आणि उशिरा.
बाकीचे करपले तरी हा दाणा भरत होता,
ताप अंगावर काढून कामाला यावं तसा.
मी मूठभर रुमालात बांधला.
पुढच्या साली उरलेल्या कोपऱ्यात पेरला,
त्याच्या पुढच्या साली साहेबांनी विचारलं, "हा कोण?"
"आजारी पडतो," म्हटलं, "पण सावकाश."
ते बराच वेळ बांधावर बसून राहिले.

आता तो कुठे आहे, मला माहीत नाही.
तुर्भ्याच्या धान्य बाजारात मी पोत्यात हात घालते,
एखादा दाणा दाताखाली धरते.
मापाडी म्हणतो, "मावशी, घ्यायचाय की नुसता चाखायचाय?"
पोत्यातला गहू आईबाप सांगत नाही.

परवा लेक कपडे वाळत घालताना म्हणाली,
"आई, ग्रिलचा गंज पानांवर चढला बघ."
गंज नव्हता.
डबा एक. लोण्या.
अंगठ्याने पुसलं, अंगठा विटकरी.
कुठून आला असेल इतक्या लांब?
साहेब म्हणायचे, निलगिरीवरून वाऱ्याने येतो.
वाशीचा पूल ओलांडून,
कंपन्यांच्या धुराड्यांमधून वाट काढत
नेमका पाचव्या मजल्यावर?
एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच
त्याच्यावर कुणी फवारलं नव्हतं.
आपला आपण पडला आजारी.

सतरा दाणे निघाले, सुरकुतलेले, जिऱ्याएवढे.
तीन चावून पाहिले.
गोड होते.