नियम तिसरा

पहिल्या ओळीत एकच आकडा, न.
पुढच्या न ओळींत तीन-तीन :
क्ष, य आणि त्रिज्या.
एवढं टाइप केलं आणि चहा ठेवला.

वर्तुळं कसली, ते मुद्दाम लिहिलं नाही.
पण हरिपूरच्या रस्त्याला राहणाऱ्या बाईला
दुसरं काय सुचणार?
हळदीची पेवं. जमिनीच्या पोटातले रांजण,
वर नुसतं तोंड, तेही लिंपलेलं.
नमुन्याचे सात आकडे तर
मी एका रानात पावलांनी मोजून आणलेले.

प्रश्न साधा. दिलेल्या चौकोनात
जुन्या कशाला धक्का न लावता
मोठ्यात मोठं नवं वर्तुळ कुठं बसेल?
केंद्र पूर्णांक नसलं तरी चालेल.
कुंपणाला टेकलं तरी चालेल.
त्रिज्या शून्य नको,
शून्य त्रिज्येचं पेव म्हणजे नुसता मनसुबा.

अडलं ते तिसऱ्याशी.
दोन वर्तुळं एकाच बिंदूत
नुसती शिवली,
तर आड आली म्हणायची का?
बिंदूला जाडी नसते.
लिहून टाकलं : स्पर्श चालेल.

शनिवारी लॅबमध्ये सगळ्यांची उत्तरं जुळली.
पारीस मगदूमचं तेवढं कमी,
दर वेळी थोडंसंच कमी.
"अरे, शिवलेलं चालतं. वाच की."
"वाचलं, मॅडम.
पण शिवलं की ओल जाती.
आज्जा दोन पेवांत दीड हात माती सोडायचा."

"तुला कुणी सांगितलं ही पेवं आहेत?"
त्यानं वहीचं पान फिरवलं.
चौकटीच्या कागदावर सातही वर्तुळं,
पेन्सिलीनं, कंपासशिवाय.
"हे आमचंच रान.
ह्यातलं पाचवं आता नाही,
पुराच्या साली खचलं.
तुम्ही मोजलं तो खड्डा आहे."

मी म्हटलं, ही भूमिती आहे, पारीस,
इथं पाऊस पडत नाही.
म्हटलं खरं.
बाहेर विश्रामबागच्या चौकात
एसटीचा हॉर्न कितीतरी वेळ वाजत होता.

रात्री तिसरा नियम खोडला. नवा असा :
कोणत्याही दोन वर्तुळांत
किमान द इतकं अंतर राहील.
द इनपुटमध्ये दिलेला असेल.

पाचवी ओळ नमुन्यातून काढली नाही.
आणि द शून्य असू शकतो का,
ती जागा
अजून कोरी आहे.